चिखल उपसून झाल्यावर जे उरतं ते
पूरग्रस्तांना मदतीचा विषय निघाला की "फोनवरून सल्ले देऊन काय होणार, चिखल उपसायला हात लागतात" असं म्हणतात, ते पहिल्या पंधरा दिवसांपुरतं शंभर टक्के मान्य. पण २२ जुलै २०२१ ला चिपळूणात पाणी शिरलं त्यानंतर मी पुण्यातून तिथल्या एका हार्डवेअरवाल्या काकांसोबत जवळजवळ चार महिने रोज रात्री जेवणं झाली की फोनवर बसायचो. बिलबुकं भिजून विटेसारखी घट्ट झालेली, पान सोडवायला गेलं की लगदाच हातात, आणि विम्याचा सर्व्हेअर, म्हणजे नुकसान तपासायला येणारा माणूस, म्हणतो माल होता याचा पुरावा दाखवा. काका म्हणाले, सगळं गेलं रे, आता कसला पुरावा.

पण पुरावा होता! जीएसटी पोर्टलवर २बी नावाच्या खरेदीच्या तक्त्यात आपल्याला माल देणाऱ्यांनी भरलेली बिलं नंबर-तारखेसकट दिसतात, ती उतरवली, त्यात मालाची नावं नसतात म्हणून एकेका होलसेलरला फोन करून बिलाची कॉपी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवली, आणि कॅश क्रेडिटसाठी, म्हणजे धंद्याच्या खेळत्या कर्जासाठी, बँकेला दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट (दुकानात किती माल आहे त्याचा तक्ता) जायचं त्याच्या प्रती बँकेत होत्याच. मात्र सगळ्यात आधी काकांचं बुडालेलं सिम नव्याने काढावं लागलं, कारण ओटीपी त्याच नंबरवर यायचा. ज्यांना हिशेब कळतात त्यांनी प्लीज एक दुकान धरा, दहा नको, एकच, आणि क्लेमचे पैसे खात्यात पडेपर्यंत त्या माणसाचा फोन उचलत रहा.