‘गोड्या पाण्याचा पफर’ आणि आपलं खारं बोअर : मचूळ, निमखारं की क्षारयुक्त?

तापीकाठ (जळगाव)

मंडळी, प्रश्न शब्दाचा आहे, पण त्यात एक मासा अडकलाय.

इथल्या एका मत्स्यालयाच्या दुकानात काचेवर चिठ्ठी चिकटवलेली होती, ‘पफर – गोड्या पाण्याचा’. मासा बोटाच्या पेरापेक्षा थोडा मोठा, पाठ पोपटी, वर काळे ठिपके, पोट पांढरं. माणूस दिसला की डोळे फिरवत काचेशी येतो. पोराने तिथेच हट्ट धरला. घरी येऊन वाचलं तर हा ठिपक्यांचा हिरवा पफर ‘ब्रॅकिश’ पाण्यातला निघाला. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, “बोअरचं पाणी टाका ना भाऊ, आपलं पाणी खारंच आहे. मस्त राहतो.”

तर दोन गोष्टी विचारायच्या होत्या. ‘ब्रॅकिश’ला मराठीत सरळ शब्द कोणता? आणि आपण बोअरच्या पाण्याला ‘खारं’ म्हणतो ते आणि हे एकच का? मासा अजून घेतलेला नाही. पोराला परीक्षेचं कारण सांगून थांबवलंय.

मालवणी माहेर (नंदुरबार)

मचूळ! दुसरा शब्द शोधायची गरजच नाही. आमच्या माहेरी खाडीच्या कडेच्या विहिरींना एप्रिल-मे महिन्यात मचूळ पाणी यायचं. गोडं पाणी उपसून खाली गेलं की खाडीचं आत सरकतं. पिता येतं, पण चहा फसतो. लग्न होऊन नंदुरबारला आले आणि हा शब्द वापरला, तर सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे नासलेलं?” इथे त्यांच्या कानावर तो कधी पडलाच नव्हता.

तुमच्या पफरलाही आमच्याकडे नाव आहे. केंड. समुद्रातला मोठा केंड कोळ्यांचा वैरी. चोचीसारखे दात असतात, जाळी कुरतडून टाकतो. विषारी म्हणून कोणी खात नाही. तोच मासा लोक पैसे देऊन घरात आणतात हे माझ्या वडिलांना सांगितलं तर जेवता जेवता हसतील.

भूगोल मास्तर (अमळनेर)

ताई, मचूळ हा चवीचा शब्द आहे, मापाचा नाही. फिक्या, बेचव पाण्यालाही लोक मचूळ म्हणतात. मत्स्यव्यवसाय खात्याच्या कागदांत ‘निमखारे पाणी’ असा शब्द चालतो, कोळंबीच्या शेतीसंदर्भात तर नेहमीच. निमशहरी, निमसरकारी यांतला ‘निम’ तोच, फारसीतून आलेला, अर्धा या अर्थाचा.

शाळेच्या भूगोलात समुद्राच्या खारेपणाला आपण ‘क्षारता’ म्हणतो आणि ती दरहजारीत सांगतो. समुद्राची सरासरी सुमारे ३५ दरहजारी, म्हणजे एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार. गोडं पाणी साधारण अर्ध्या दरहजारीच्या आत. अर्ध्यापासून तिसापर्यंतचं सगळं निमखारं. तेव्हा तुमचा ‘ब्रॅकिश’ म्हणजे निमखारं, विषय संपला.

रावेरची केळी

विषय संपला नाही मास्तर, इथे तर सुरू होतो.

आमच्याकडे म्हातारी माणसं म्हणतात, “बोअरनं पानी खारं शे, दाय शिजत नही.” आता दाळ न शिजणं हे मिठाचं लक्षण आहे का? नाही. ते कॅल्शियम-मॅग्नेशियमचं. तुमच्या पुस्तकात त्याला दुष्फेन म्हणतात, बाजारात जड पाणी म्हणतात. ठिबकच्या नळ्या याच पाण्याने चोक होतात, ड्रिपरच्या तोंडाशी पांढरा चुना बसतो आणि तो काढायला आम्ही आम्ल सोडतो. मिठाचा थर असता तर साध्या पाण्याने विरघळला असता.

शेतकऱ्याला हा फरक कळतो, कारण त्याला तो महागात पडतो. जमिनीसाठी आमच्याकडे दोन शब्द आहेत. वर पांढरा थर येतो ती खारवट. पाणी मुरू देत नाही, ओली असताना चिकट आणि वाळली की दगड, ती चोपण. खारवटला निचरा करून चांगलं पाणी द्यायचं, चोपणला जिप्सम. इलाज वेगळा म्हणून शब्द वेगळा. पाण्याला मात्र आपण आळसाने सरसकट ‘खारं’ म्हणतो.

पांझराकर (धुळे)

केळीवाले भाऊ नेमकं बोलले. मी बऱ्याच वर्षांपासून मासे पाळतो, त्यातले काही पफर. दुकानदाराचं वाक्य तुटतं ते इथेच. तो खोटं बोलत नसेल. त्याच्या तोंडच्या ‘खारं’चा अर्थ ‘जड’ आहे, आणि या माशाला लागतं ते समुद्राकडचं खारं.

आकडे घ्या. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या एकूण पदार्थांचं दहा लाखांतलं (पीपीएम) प्रमाण, समजा १,००० आला. प्यायच्या पाण्याच्या भारतीय मानकात ५०० ही चांगली मर्यादा आणि दुसरी सोयच नसेल तर २,००० पर्यंत सूट, म्हणून आपल्याला १,००० म्हणजे फार वाटतं. पण एक हजार पीपीएम म्हणजे मास्तरांच्या भाषेत एक दरहजारी. ठिपक्यांच्या हिरव्या पफरला मोठेपणी १५ ते ३० दरहजारी लागतं, म्हणजे टीडीएसच्या हिशेबात १५,००० ते ३०,०००. आपल्या बोअरची तिथे काय कथा! शिवाय त्या एक दरहजारीतही मीठ थोडं आणि चुना जास्त.

आता चिठ्ठीकडे या. ‘गोड्या पाण्याचा’ यातला ‘चा’ घोटाळ्याचा आहे. दुकानात तो गोड्या पाण्यात ठेवलेला असतो, एवढंच त्या चिठ्ठीत खरं. या जातीची पिल्लं नदीच्या तोंडाशी, तिवरांच्या आसपास कमी खाऱ्या पाण्यात वाढतात आणि मोठी होतात तशी जास्त खाऱ्याकडे सरकतात. म्हणून छोटं पिल्लू दुकानातल्या गोड्या पाण्यात तगतं, खातं, पळतं, आणि गिऱ्हाइकाला वाटतं की जमलं. पुढे काही महिन्यांत पोट काळवंडायला लागतं, मासा कोपऱ्यात बसतो, रोग धरतो. नीट पाळला तर हाच मासा १५ सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि दहा वर्षांहून जास्त जगतो. चिठ्ठीवर ‘सध्या गोड्या पाण्यात’ लिहिलं असतं तर माझी तक्रार नव्हती.

पफर म्हणजे एक मासा नाही, अख्खं कुळ आहे. टेट्राओडॉन म्हणजे चार दात, त्यावरून कुळाचं नाव. त्यात पूर्ण समुद्रातले आहेत, निमखारे आहेत आणि जन्मभर गोड्या पाण्यात राहणारेही आहेत. आपल्या दुकानांत येणारा खरा गोड्या पाण्याचा म्हणजे वाटाण्याएवढा पिवळा पफर, केरळच्या नद्यांमधला. १९४१ साली होरा आणि नायर यांनी पंबा नदीतल्या माशांवरून त्याचं वर्णन केलं, शास्त्रीय नावात त्रावणकोर आहे. जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. त्याच्या टाकीत मीठ टाकायचंच नाही. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातही एक गोड्या पाण्याचा आहे, बंगाली लोक त्याला टेपा म्हणतात. आणि पाठीवर पिवळ्या रेघांनी इंग्रजी आठचा आकडा काढल्यासारखा दिसतो तो हलक्या निमखाऱ्यातला, त्याला पाच-सात दरहजारी पुरतं. तिघांची पिल्लं दुकानात शेजारी ठेवली तर वरची चिठ्ठी तीच, ‘पफर’. दुकानात गेल्यावर पाणी नंतर विचारा, आधी जात विचारा. सांगता आली नाही तर फोटो काढून घरी या.

तापीकाठ

आभार, पांझराकर. मग बोअरच्या पाण्यात स्वयंपाकाचं जाडं मीठ टाकलं तर निमखारं होईल ना? मास्तरांच्या व्याख्येत तरी बसेल.

पांझराकर

व्याख्येत बसेल, माशाला पुरेल असं नाही. खडे मीठ म्हणजे जवळजवळ नुसतं सोडियम क्लोराइड. समुद्राच्या पाण्यात त्याशिवाय मॅग्नेशियम, सल्फेट, कॅल्शियम, पोटॅशियम आणि पीएच धरून ठेवणारे बायकार्बोनेट असतात. दुकानात ‘मरीन सॉल्ट’ किंवा ‘रीफ सॉल्ट’ म्हणून पिशवी मिळते, ती घ्यायची. ‘ॲक्वेरियम सॉल्ट’ नावाची स्वस्त पुडी असते ती औषधापुरती, तिच्यात खड्या मिठापेक्षा वेगळं काही नसतं. नावं इतकी जवळची आहेत की गल्ल्यावरचा पोरगा हमखास दुसरी पुडी देतो.

मीठ बादलीत विरघळवून, पाणी बदलताना हळूहळू वाढवायचं. मीठ किती झालं ते सापेक्ष घनतेवरून कळतं, म्हणजे शुद्ध पाणी १.००० धरलं तर आपलं पाणी किती दाट. ती एका आठवड्यात ०.००२ पेक्षा जास्त चढवू नका. मासा कदाचित सोसेल, टाकीतले जिवाणू सोसत नाहीत.

आणि जिवाणू हाच खरा पाया. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या अन्नातून अमोनिया होतो. त्याचं नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरात बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पफर मांस खातो, तुकडे सांडतो, घाण भरपूर करतो आणि अंगावर साधे खवले नाहीत, म्हणून नव्या टाकीत सगळ्यात आधी तोच पडतो. त्यात आपलं पाणी. जड पाण्याचा पीएच बहुतेक वेळा ८ च्या आसपास असतो. पीएच ७ ला अमोनियाचा विषारी भाग एक टक्क्याच्या आत असतो, ८ ला तो पाच टक्क्यांच्या वर जातो, आणि पाणी तापलं की आणखी चढतो. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात, पारा ४५ कडे असताना, हा हिशेब फार झपाट्याने बिघडतो. दुकानदार म्हणेल ‘आजच टाकी, आजच मासा’. ऐकू नका.

रावेरची केळी

ते सापेक्ष घनता मोजायला डेअरीतला लॅक्टोमीटर चालेल का? घरात पडलाय एक.

पांझराकर

हा हा, विचार बरोबर आहे भाऊ, तत्त्व तेच. पण लॅक्टोमीटर दुधाच्या १.०२८ ते १.०३२ च्या आसपासचं वाचायला बनवलेला. आपल्याला १.००५ ते १.०२० मधलं हवंय. मत्स्यालयाचा हायड्रोमीटर फार महाग नसतो. पाण्यात प्रकाश किती वाकतो त्यावरून खारेपणा दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर मिळाला तर उत्तम, दोन थेंबांत काम होतं. टीडीएसचा पेन मात्र इथे निरुपयोगी, बरेचसे पेन ९,९९९ ला थांबतात.

भूगोल मास्तर

म्हणजे ‘निम’ हा शब्दही फसवाच म्हणायचा. अर्धं म्हणावं तर साडेसतरा होतात, आणि हा मासा लहानपणी पाचात, म्हातारपणी पंचविसात. तरीही मी निमखारंच धरून चालेन. ‘क्षारयुक्त’ तर सोडाच. रसायनात क्षार म्हणजे आम्ल आणि आम्लारी मिळून होणारा पदार्थ, वैद्याकडे क्षार म्हणजे राख-सोडा, आणि नगरपालिकेच्या नोटिशीत क्षार म्हणजे टीडीएस. दुकानाच्या पाटीवर तो शब्द आला की प्रत्येक जण आपापलं वाचणार.

मालवणी माहेर

मास्तर, पाटीवर निमखारं लिहा, माझी हरकत नाही. पण बोलताना मचूळच. जिभेला कळतं ते आधी.

खरं विचारायचं होतं ते वेगळंच. आमच्या शेजारच्या मुलीने पिवळा छोटा पफर आणलाय, तुम्ही म्हणता तो वाटाणा. जाळीत धरला की फुगतो म्हणून मैत्रिणींना दाखवते. चालतं का?

पांझराकर

अजिबात नाही ताई, तिला आजच थांबवा. फुगणं म्हणजे त्याची जीव वाचवायची शेवटची धडपड. आणि पाण्याबाहेर फुगला तर पाण्याऐवजी हवा भरतो, ती बाहेर काढताना त्याचे हाल होतात, कधी मरतोही. पफर जाळीने धरायचाच नाही, पाण्यासकट डब्यात किंवा कपात घ्यायचा. दुकानातही असाच भरून मागा. ‘फुगवून दाखवतो’ म्हणणाऱ्या दुकानातून मी काहीच घेत नाही, फिल्टरचा स्पंजसुद्धा नाही.

घेताना पोट बघा. खपाटीला गेलेलं, शेपूट मिटून धरलेली, तर नको. आपल्यासमोर काही खायला घालायला सांगा. सुक्या दाण्यांकडे हे मासे बघतही नाहीत, त्यांना गोठवलेले रक्तकिडे (लाल अळ्या) आणि छोट्या गोगलगाई लागतात. दात जन्मभर वाढत राहतात आणि शंख फोडूनच झिजतात. त्या गोगलगाई शेततळ्यातून किंवा पाटातून आणू नका, कपाशी-केळीवरच्या फवारण्यांचं पाणी तिथेच उतरतं. वेगळ्या बरणीत वाढवा, फार पटकन वाढतात.

तिला हेही सांगा की हा मासा केरळच्या नद्यांतून पकडून इतका विकला गेलाय की आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदलाय. वाढवलेला मिळाला तर तोच घ्यावा.

तापीकाठ

ठरलं. ठिपक्यांचा हिरवा नको, एवढी मोठी टाकी आणि मीठ मला झेपणार नाही. वाटाण्याचाच विचार करतो, टाकी आधी मुरू देतो. एक शेवटचं. उन्हाळ्यात टाकीवर कूलरची हवा सोडली तर पाणी भराभर उडतं. भरताना कुठलं पाणी टाकायचं?

पांझराकर

उडतं ते फक्त पाणी. मीठ आणि चुना दोन्ही टाकीतच राहतात. निमखाऱ्या टाकीत उडालेल्या पाण्याच्या जागी मीठ न घातलेलं पाणी भरायचं, नाहीतर आठवड्याभरात क्षारता चढते. तुमच्या वाटाण्याच्या टाकीत प्रश्न चुन्याचा. रोज बोअरचं भरत गेलात तर पाणी आणखी जड होत जाईल, काचेवर पाण्याच्या रेषेला पांढरी कड दिसायला लागेल. उडालेल्यापुरतं घरच्या आरओचं टाका, आणि आठवड्याचं पाणी बदलताना नळाचं, क्लोरीन काढून. आरओच्या नळीतून बाहेर पडणारं सांडपाणी मात्र टाकीत घालू नका. त्यात गाळलेले क्षार जमा झालेले असतात.

रावेरची केळी

ते सांडपाणी आमच्याकडे भांडी घासायला वापरतात. त्याला काय म्हणायचं मास्तर, पाऊणखारं?