शब्दचर्चा: हिऱ्याचं पाणी आणि पैलूंचं तेज

गुजरीतून
नमस्कार मंडळी. कोल्हापुरात गुजरीत आमचं दुकान आहे. साज, ठुशी, बांगड्या यांवर आजवर चाललं, हिऱ्याचं काउंटर मात्र यंदाच सुरू केलंय. गिऱ्हाइकांसाठी मराठी पत्रक काढायचंय. छापखान्यातून मसुदा आला, त्यात ‘लाईट परफॉर्मन्स’ला, म्हणजे हिरा आत आलेला उजेड किती छान परत फेकतो त्याला, ‘प्रकाश कामगिरी’ केलंय. सासरे वाचून म्हणाले, “हिरा काय फौजदार आहे काय, कामगिरीवर जायला?” याला नीट मराठी शब्द कोणता? आपला ‘पाणी’ चालेल का? आणि ब्रिलियन्स, फायर, सिंटिलेशन या तिघांचं काय करावं?

खासबागवाला
पाणी चालतंय की ताई. पाणीदार मोती, पाणीदार डोळे, तसा पाणीदार हिरा. आमच्याकडं तर पैलवानाचंबी पाणी जोखतात. पैलू आणि पैलवान एकाच घरातले शब्द असणार, पैजेवर सांगतो.

जडावकाम
पैज हरलात भाऊ. पैलू हा फारसी ‘पहलू’वरून आला, म्हणजे बाजू, कूस. पैलवान आला ‘पहलवान’वरून, ते घराणं वेगळं. फारसीचा संबंध जोडायचाच तर ‘पाणी’शी जोडा. तिथे ‘आब’ म्हणजे पाणीही आणि झळाळीही. आपण ‘आब राखून बोला’ म्हणतो तो हाच.

पण ताई, पत्रकात कटबद्दल, म्हणजे पैलू पाडण्याच्या कामाबद्दल लिहिताना ‘पाणी’ वापरू नका असं माझं मत. आमच्या जाणत्या लोकांच्या तोंडी पाणी म्हणजे दगडाची नितळाई. ढगाळपणा नाही, पिवळट झाक नाही, म्हणजे पाणी चांगलं. ते खाणीतून येतं, कारागीर ते घालू शकत नाही. तुम्ही विचारताय ते कारागिराच्या हातचं.

एक नेहमीचं सांगतो. जुन्या कुड्या दुरुस्तीला येतात, मधे एक आणि भोवती सहा खडे. मागून कोंदण बंद, खडे तळाला सपाट, पैलू फक्त वरच्या बाजूला. बाई सांगतात, “आजेसासूबाईंच्या आहेत, पण हिऱ्याचं पाणी उतरलं.” उतरलेलं काही नसतं. सपाट तळाच्या हिऱ्यातून उजेड बराचसा खालीच निघून जातो, म्हणून कोंदणात त्याच्याखाली चकचकीत पन्नी बसवायची पद्धत होती. कडेनं घाम आणि तेल शिरून पन्नी काळवंडते आणि हिरा मेल्यासारखा दिसतो. खडा उचलला, पुसला, नवी पन्नी घातली की बाई स्वतःच्याच कुड्या ओळखत नाहीत. पाणी होतं तेवढंच होतं, परत फिरणारा उजेड तेवढा अडला होता.

कोहिनूरचंही तेच. १८५१ साली लंडनच्या प्रदर्शनात तो मांडला तेव्हा लोकांचा हिरमोड झाला, चमकच दिसेना. १८५२ मध्ये पुन्हा पैलू पाडले, त्यात चाळीस टक्क्यांहून जास्त वजन गेलं आणि १०५.६ कॅरट उरला. आपल्याकडचे जुने कारागीर वजन राखायचे, तिकडच्यांनी उजेड राखला. एवढं वजन घालवायला माझा हात धजावला नसता, ते सोडा.

निवृत्त मास्तर
जडावकाका, तुमच्या कुड्यांना थोडं दहावीचं भौतिकशास्त्र जोडतो.

हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे आत शिरताना उजेड किती वळतो ते सांगणारा आकडा, सुमारे २.४२, म्हणून क्रांतिक कोन जेमतेम २४.४ अंश. आतून पैलूवर येणारा किरण याहून जास्त तिरका पडला की बाहेर न पडता पुरता परावर्तित होतो. ‘हिऱ्यापोटी गारगोटी’ म्हणतो ना आपण, त्या गारगोटीचा अपवर्तनांक १.५५च्या आसपास आणि क्रांतिक कोन चाळीस अंशांच्या थोडा वर. (भुदरगडच्या गारगोटीकरांनी राग मानू नये.) हिऱ्याच्याच मापाने गारगोटी घासली तर वरून सरळ आलेला किरण कसाबसा परततो आणि जरा कलला की तळातून पसार होतो.

आता गोल हिऱ्याचं माप. मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये गणित करून मांडलं: टेबल म्हणजे माथ्याचा सपाट पैलू व्यासाच्या ५३ टक्के, वरच्या भागाचा म्हणजे क्राउनचा कोन ३४.५ अंश, खालच्या भागाचा म्हणजे पॅव्हिलियनचा ४०.७५ अंश. कागदावर काढून पाहा. टेबलमधून सरळ खाली आलेला किरण पॅव्हिलियनच्या एका पैलूवर आपटतो, तिथून समोरच्या पैलूवर आणि मग वर. वर पोचताना तो उभ्या रेषेपासून १७ अंश कललेला असतो, म्हणून टेबलमधून सुटतो आणि बाहेर पडल्यावर साधारण ४५ अंशांवर जातो. उलट वाचलं तर बाजूच्या खिडकीचा, दिव्याचा उजेड आत शिरून वरून बघणाऱ्याच्या डोळ्यात येतो.

पॅव्हिलियन ४५ अंशांचा केलात तर तो किरण आला तसाच सरळ परत जातो. म्हणजे तुम्ही वाकून हिऱ्यात बघताय आणि हिरा तुम्हाला तुमच्याच डोक्याची सावली दाखवतोय. मधोमध काळा डाग दिसतो, त्याला बाजारात नेलहेड म्हणतात. ३८ अंशांचा उथळ केलात तर वर जाताना किरण २८ अंशांनी कललेला असतो, टेबल त्याला बाहेर सोडत नाही, तो आतच फिरतो आणि भलतीकडून निसटतो. शिवाय टेबलच्या आत कडेचं, गर्डलचं प्रतिबिंब राखी कड्यासारखं दिसतं, तो फिशआय. सगळा खेळ असा दोन-तीन अंशांत आहे.

खासबागवाला
मग जास्त पैलू म्हणजे जास्त चमक, हे खोटं?

निवृत्त मास्तर
गोल ब्रिलियंटला ५७ पैलू, टोक घासलं असेल तर ५८. पण मोहरीएवढ्या हिऱ्यावर तेवढे पाडले तर ते डोळ्याला वेगळे दिसतच नाहीत, नुसती भुरभुर होते. बारीक खड्यांना वर आठ, खाली आठ आणि टेबल, एवढे पुरतात. खरे अष्टपैलू ते!

जडावकाम
आता शब्द. एकूण परिणामाला साधं ‘तेज’ म्हणा. ‘पैलूंमुळे येणारं तेज’ असं एकदा लिहिलं की पुढे नुसतं ‘तेज’ पुरतं. ब्रिलियन्स म्हणजे परत येणारा पांढरा उजेड, त्याला ‘झळाळी’. फायरला ‘आग’ किंवा ‘ज्वाला’ कृपा करून करू नका, गिऱ्हाईक पळून जाईल. आम्ही म्हणतो, “हिऱ्यात रंग खेळतात.”

निवृत्त मास्तर
सहमत. ते अपस्करण. क्राउनच्या कललेल्या पैलूंतून बाहेर पडताना रंग फाकतात. टेबल फार रुंद ठेवला तर क्राउनला जागा उरत नाही आणि रंगही कमी खेळतात.

मराठीची मास्तरीण
सिंटिलेशनला ‘चमचम’ नको, ती जरीची. ‘लुकलुक’ फार अशक्त, ‘झगमग’ मांडवातल्या माळांची. हिरा किंवा नजर हलली की एक पैलू उजळतो तोवर शेजारचा काळा पडतो, ही उघडझाप सांगायला ‘लखलख’ बरा. वीज लखलखते, तलवार लखलखते, दोन्हीत हालचाल आहे. आणि ताई, ‘कट’ आणि ‘आकार’ वेगळे ठेवा. लोक चौकोनी कट, बदामी कट म्हणतात तो आकार. कटला ‘पैलूकाम’ लिहा.

गुजरीतून
सगळ्यांचे आभार. सासऱ्यांना ‘पैलूकाम’ पसंत पडलं. तेज, झळाळी, रंगांचा खेळ, लखलख असं पत्रकात घेते. नितळाईला ‘पाणी’ कंसात ठेवू की नको ते बघते. मास्तर, काउंटरवरच्या पोरींना सर्टिफिकेटवरचे कोणते आकडे बघायला सांगू?

निवृत्त मास्तर
गोल हिऱ्याला टेबल ५४ ते ५८ टक्के, क्राउन ३४ ते ३५ अंश, पॅव्हिलियन ४०.६ ते ४१. एकच आकडा बघून नाक मुरडू नका. पॅव्हिलियन किंचित उथळ असेल तर क्राउन किंचित उंच असून चालतो, दोन्ही एकाच वेळी खोल असतील तर बिघडतं. आणि हिरा दाखवताना काउंटरवरचे ते बारके दिवे बंद करून दारापाशी उजेडात न्या. त्या दिव्यांखाली काचसुद्धा लखलखते.