क्षमा की माफी? दक्षिण आफ्रिकेच्या निमित्ताने

वाटसरू: काल इथे एकाने लिहिलं, 'दक्षिण आफ्रिकेने क्षमा केली म्हणून देश वाचला, न्यायाचा हट्ट धरणाऱ्यांनी टुटूंकडून शिकावं.' रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही. गोऱ्यांची वर्णभेदी राजवट संपल्यावर तिच्या काळातल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी तिथे आर्चबिशप डेस्मंड टुटूंच्या अध्यक्षतेखाली सत्य व सलोखा आयोग नेमला होता. त्याच्याकडे राजकीय गुन्ह्यांच्या माफीचे ७,११२ अर्ज आले, मंजूर झाले ८४९. मग उरलेल्यांवरचे खटले कुठे गेले? वर्णभेदाविरुद्ध लढणारा, अटकेत असलेला अहमद तिमोल १९७१ मध्ये जोहान्सबर्गच्या पोलीस इमारतीच्या दहाव्या मजल्यावरून खाली पडून मेला. पोलीस म्हणाले, त्यानेच उडी मारली. त्याची आई १९९६ मध्ये आयोगापुढे येऊन बोलली. तो खून होता हे कोर्टाने सांगितलं २०१७ साली! आरोपी माजी पोलीस खटला उभा राहण्याआधीच २०२१ मध्ये वारला.

मध्यमा: अर्धवट आकडे फेकू नका. नाकारलेले बरेचसे अर्ज साध्या गुन्ह्यांत तुरुंगात बसलेल्यांचे होते, राजकीय हेतू नसलेले. आणि माफीचं वचन १९९३च्या अंतरिम घटनेतच होतं. लष्कर, पोलीस तेव्हा जुन्या राजवटीच्याच हाताखाली. ते वचन नसतं तर १९९४चं, काळ्यांनाही मत देणारं पहिलं मतदान झालं असतं का? शिवाय पूर्ण कबुली दिल्याशिवाय माफी नव्हती. त्या कबुल्यांमुळेच काही घरांना आपल्या माणसाची हाडं तरी मिळाली.

शब्दवेडा: दोघंही चुकीच्या शब्दावर भांडताय. आयोगाने दिली ती माफी, कर्जमाफीतली. ती सरकार देतं. क्षमा ज्याचं गेलं त्याने करायची. आपली वर्तमानपत्रं सर्रास दोन्हींची सरमिसळ करतात, कितीदा पत्रं लिहिली मी!

मध्यमा: झालं, शब्दांचा कीस सुरू.

अनसूया: कीस नाही हा. बांधाच्या भांडणात चुलत्याच्या कुऱ्हाडीने माझ्या वडिलांचा उजवा हात गेला. पंच म्हणाले, मोठं मन करा. केस मागे घेतली. चुलत्याने 'चुकलं' एवढंही म्हटलं नाही. पुढे बावीस वर्षं लग्नाकार्यात तो समोरच्या पंगतीत, आणि वडील डाव्या हाताने भात कालवतायत, घास सांडतोय. ही क्षमा नव्हती. त्यांना गप्प बसवलं होतं.

मध्यमा: वाईट वाटलं. पण भावकी म्हणजे देश नव्हे.

अनसूया: हात गेलेल्याला काय फरक पडतो?

वाटसरू: अर्जांबद्दल मध्यमांचं बरोबर आहे, मी बघायला हवं होतं. पण भरपाईचं काय? आयोगाने सुचवलं होतं सहा वर्षं दरसाल १७ ते २३ हजार रँड. सरकारने २००३ मध्ये एकरकमी ३० हजारांवर बोळवण केली.

मध्यमा: भरपाईचं मान्य. रखडवलेल्या खटल्यांचंही मान्य, बस? पण १९९३ मध्ये त्या वाटाघाटींना तुम्ही बसला असतात तर काय केलं असतं, ते अजून कुणीच लिहिलेलं नाही.