सशाच्या पिल्लाच्या डोळ्यात मध? हात जोडतो, थांबा

ससेहोलपट: काल इथेच कुणीतरी छातीठोकपणे लिहिलं, "पिल्लाचे डोळे चिकटले तर मधाचं बोट फिरवा, तीन दिवसांत लख्ख. डॉक्टर उगाच घाबरवतात." खाली बदामांचा नुसता पाऊस. रात्री झोप लागली नाही, म्हणून हे लांबण.

पिल्लांचे डोळे दहाव्या ते बाराव्या दिवशी उघडतात. बारा दिवस उलटले, एक डोळा मिटलेलाच, पापणी फुगलेली, कडेला पिवळट चीक, म्हणजे आत पू कोंडलाय. तो तिथेच तुंबला की बुबुळाची वाट लागते. बाहेरून मध चोपडून आतला पू कसा निघणार? आणि बरणीतला मध निर्जंतुक नसतो. जखमेवर वापरतात तो निराळा.

घरी करण्यासारखं इतकंच: लिटरभर पाण्याला 9 ग्रॅम मीठ, उकळून कोमट केलेलं. त्यात भिजवलेल्या स्वच्छ कापडाने काही मिनिटं शेक द्यायचा, खपली मऊ झाली की हलक्या हाताने पुसायचं. दुसऱ्या डोळ्याला दुसरं कापड. पापण्या ओढायच्या नाहीत. पू दिसला तर त्याच दिवशी डॉक्टर. चहाचं पाणी नको, आईचं दूध नको, घरातल्या माणसांचे उरलेले थेंब तर नकोच नको.

मधवाली: ती पोस्ट माझी. नाव घ्यायला जीभ अडखळली का? माझ्या तीन पिल्लांचे डोळे मधाने उघडलेत. तुमचं पुस्तकी ज्ञान तुमच्यापाशी ठेवा.

ससेहोलपट: कितव्या दिवशी उघडले?

मधवाली: अकराव्या.

ससेहोलपट: अहो, अकराव्या दिवशी ते असेही उघडतात! कोंबडं आरवलं म्हणून तांबडं फुटलं, असा हिशोब झाला हा.

रात्रपाळी: डॉक्टर डॉक्टर करणं सोपं आहे. सशातलं कळणारा डॉक्टर मिळतो कुठे? आमच्या पिल्लाला एकाने बघता बघता थेंब लिहून दिले, स्टेरॉइडवाले. बुबुळावर ओरखडा होता, तो चिघळला. डोळा गेला. त्यापेक्षा मध बरा, असं मी म्हटलं तर चुकलं कुठे?

ससेहोलपट: वाईट झालं. पण औषध चुकलं म्हणून मध बरोबर ठरत नाही. बुबुळाला जखम आहे का ते रंगाचा थेंब टाकून बघितलंत का, एवढं तोंडावर विचारायचं. आणि कुणी तोंडावाटे अमॉक्सिसिलीन देऊ लागलं तर पिल्लू उचला आणि निघा. आतड्यातले चांगले जंतू मरतात, जुलाब लागून ससा जातो.

रात्रपाळी: विचारलं असतं हो. तेव्हा ठाऊक असतं तर.

बिळातला: मूळ दुखणं कुणी बोलतच नाही. आई पिल्लांजवळ फिरकत नाही! मी तर पिल्लं वेगळी काढून ड्रॉपरने दूध पाजलं.

चौथी_खोली: अरे देवा. मादी दिवसातून एकदा, फार तर दोनदा पाजते, तेही तीन-चार मिनिटं. बाकी वेळ ती लांबच राहते, जातच तशी आहे. पिल्लांची पोटं गोल आणि अंग गरम असेल तर कुणी टाकलेलं नाही त्यांना.

बिळातला: माणसाचा हात लागला की आई पिल्लू टाकते. सगळ्यांना माहीत आहे.

चौथी_खोली: सगळ्यांना चुकीचं माहीत आहे. घरच्या सशांची पिल्लं रोज हातात घेऊन बघायचीच असतात, नाहीतर डोळा चिकटलेला कळणार कधी?

बिळातला: तुम्ही काय सशांच्या घरी जन्मलात?

चौथी_खोली: किती पाजलीत आणि किती जगली, तेवढं सांगा.

बिळातला: सहा. दोन.

बिळातला: आणि ते असं चारचौघांत विचारायची गरज नव्हती.

चौथी_खोली: नव्हती. पण दूध गिळताना फुप्फुसात जातं, हे सांगायची होती.

आगंतुक: धागा डोळ्यांचा होता ना? की मी चुकून दुसरीकडे आलो?

चौथी_खोली: डोळ्यांचाच आहे. घरट्यातलं गवत लघवीने भिजलं की अमोनिया थेट डोळ्यात जातो. ओलं तेवढं काढा, कोरडं घाला, आईने उपटलेली लोकर मात्र परत ठेवा. धुळीचा भुसा नको.

मधवाली: गवत बदललं. मिठाच्या पाण्याने पुसलंही. झालं समाधान? चौथ्याचा डावा डोळा चौदाव्या दिवशीही बंद आहे, कडेने दाबलं तर पांढरं येतंय.

ससेहोलपट: चौथा? सकाळी तीनच होते.

मधवाली: ज्यांचे उघडले ते तीन.

ससेहोलपट: दाबू नका. आत्ता निघा, उद्यावर टाकू नका.

मधवाली: निघालेच आहे. रंगाच्या थेंबाचंही विचारते. आणि मधाची बरणी घरीच ठेवलीय, म्हणजे तुम्हाला झोप लागेल.