गोरखचिंचेचा गर स्वयंपाकात आणि औषधात

चिकोडीकर:
आमच्या शेताजवळच्या मठाच्या आवारात गोरखचिंचेचे प्रचंड झाड आहे. त्याची वीतभर लांबीची, मखमली लव असलेली फळे खाली पडतात, पण गावात ती कोणी उचलत नाही. एक फळ फोडले, तर कठीण कवचाच्या आत लालसर तंतूंत गुंतलेले पांढरे, भुसभुशीत तुकडे आणि प्रत्येकात एक काळपट बी निघाली. सासूबाईंना वरचेवर जुलाब होतात आणि त्यांना मधुमेहही आहे. त्यांना हा गर ताकातून द्यावा असे शेजाऱ्यांनी सुचवले आहे. हा गर खाण्यात चालतो का, आणि औषध म्हणून द्यावा का?

खानापूरकर:
ताई, खाण्यात नक्कीच चालतो. आपण हे फळ वाया घालवतो याचे मला वाईट वाटते. हे झाड मूळचे आफ्रिकेच्या कोरड्या, उष्ण प्रदेशातले असून हावेरी जिल्ह्यातील सवणूरच्या दोड्डहुणसे मठातील वृक्ष तर आपल्या भागात प्रसिद्धच आहेत. सेनेगलमध्ये हा गर पाण्यात भिजवून, कोळून, गाळून त्यात साखर घालतात आणि त्या दाट सरबताला ‘बुय’ म्हणतात. केनियाच्या किनाऱ्यावर गरासकट बिया साखरेच्या रंगीत पाकात घोळून मुलांना देतात. उत्तर नायजेरियातील हौसा लोक वाळवलेल्या पानांची पूड रश्शात घालतात, त्यामुळे रस्सा भेंडीच्या भाजीसारखा बुळबुळीत आणि दाट होतो. युरोपीय संघानेही २००८ साली हा गर अन्नपदार्थ म्हणून विकायला परवानगी दिली.

आपल्याकडे आमटीत किंवा सारात चिंचेऐवजी तो घालता येईल, मात्र आमटी खाली उतरवल्यावरच घाला, कारण उकळल्याने त्यातील क जीवनसत्त्व घटते. बिया आणि तंतू आधी गाळून काढा. जमिनीवर पडून कवच तडकलेले, ओल लागलेले फळ घेऊ नका. आत बुरशी धरते.

शहापूर, बेळगाव:
वरील माहितीत औषधाच्या बाजूने थोडी भर घालते. आफ्रिकेत गराचे पाणी ताप आणि अतिसार यांवर पूर्वापार देतात, आपल्याकडील वैद्यकातही ताकाबरोबर त्याचा उपयोग सांगितलेला आहे, आणि गरात पेक्टिन (पाणी धरून दाट होणारा घटक) व पचनाला उपयोगी तंतुमय पदार्थ भरपूर असल्याने त्यामागे काही तथ्य असावे. तरीही जुलाबात पहिले काम शरीरातील पाणी आणि क्षार भरून काढण्याचे असते, आणि ते जलसंजीवनीनेच करावे. सासूबाईंचा त्रास वरचेवर होत असेल, तर मधुमेहाच्या गोळ्यांमुळेही तसे होऊ शकते. मेटफॉर्मिनने अनेकांचे पोट बिघडते. म्हणून आधी डॉक्टरांना विचारा, मनाने गोळी बंद करू नका.

या गरात संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असल्याचे जे सांगितले जाते, त्यात कोरड्या गराची तुलना रसाळ फळाशी केलेली असते. आपण एका वेळी चमचाभर गरच घेतो, म्हणून प्रत्यक्षात तेवढा फरक पडत नाही. शिवाय त्यात पोटॅशियम बरेच असते, त्यामुळे मूत्रपिंडाचा विकार असल्यास तो टाळावा.

चिकोडीकर:
दोघांचेही मनापासून आभार. सासूबाईंची गोळी मेटफॉर्मिनचीच आहे, ती दुपटीने वाढवल्यापासूनच त्रास सुरू झाला होता, हे आत्ता लक्षात आले. उद्याच दवाखान्यात नेते. कोवळ्या पानांची भाजी करता येते का?

खानापूरकर:
हो, येते. पावसाळ्याच्या सुरुवातीची पालवी अंबाडीसारखी चिरून, थोड्या तूरडाळीबरोबर शिजवा आणि वरून लसणाची फोडणी द्या. फक्त झाड मठाचे असल्याने आधी स्वामीजींना विचारून घ्या.