सुधारणा की क्रांती: बर्नस्टाइन आणि लक्झेंबर्ग यांचा वाद

प्रश्न: कामगार संघटना, सहकारी संस्था आणि संसद यांच्या मार्गाने समाजवादाकडे टप्प्याटप्प्याने जाता येईल, हे जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षातील विचारवंत एडुआर्ड बर्नस्टाइन यांचे मत त्याच पक्षातील क्रांतिवादी नेत्या रोझा लक्झेंबर्ग यांनी १८९९ मध्ये ठामपणे खोडून काढले. मग लक्झेंबर्ग सुधारणांच्याच विरोधात होत्या, असे समजावे काय?

प्रतिसाद १: नाही, आणि हा गैरसमज दूर होणे मला फार महत्त्वाचे वाटते. सुधारणांचा लढा हे साधन आणि क्रांती हे साध्य, अशी त्यांची मांडणी होती. कामगार संघटनांच्या कामाला त्यांनी ग्रीक पुराणकथेतील सिसिफसच्या श्रमांची उपमा दिली, म्हणजे शिळा डोंगरावर ढकलत न्यायची आणि ती पुन्हा घरंगळत खाली यायची. तरीही ते काम सोडून द्यावे असे त्यांनी म्हटले नाही, कारण त्या लढ्यातूनच कामगारवर्ग घडतो, अशी त्यांची धारणा होती.

प्रतिसाद २: आठ तासांच्या कामाच्या दिवसाचेच पाहा. कित्येक वर्षांची ही मागणी जर्मनीत नोव्हेंबर १९१८ च्या क्रांतीनंतर काही दिवसांतच मान्य झाली, आणि डिसेंबर १९२३ च्या आदेशाने दहा तासांच्या कामाला पुन्हा वाट मोकळी करून दिली. क्रांतीचा रेटा ओसरताच पदरात पडलेली सुधारणाही निसटू लागली.

प्रतिसाद ३: हे मान्य; मात्र बर्नस्टाइन यांना तडजोडवादी म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे आहे. पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये ते मूळ पक्षातून फुटलेल्या युद्धविरोधी स्वतंत्र सोशल डेमोक्रॅटिक पक्षात गेले, तर एकेकाळी मूळ पक्षाच्या डाव्या गटात असलेले पाउल लेन्श युद्धाचे समर्थक झाले.