मदत हवी आहे: आईचा ताप डेंग्यूचा की चिकुनगुनियाचा?

नमस्कार. गुहागर तालुक्यात आमचं गाव, घर पोफळीच्या बागेत. गणपती झाले, चाकरमानी परतले आणि वाडीत ताप सुरू झाला. आमच्या आळीतल्या तीन घरांत माणसं पडून आहेत. आई (वय ६१) गुरुवारी संध्याकाळी हुडहुडी भरून आडवी झाली, ताप १०३. दुसऱ्या दिवशी मनगटं आणि घोटे इतके धरले की तिला तांब्या उचलवेना. बोटं सुजली, अंगठी साबण लावून काढावी लागली. मग छातीवर, दंडांवर लालसर पुरळ. आज सहावा दिवस. ताप कालपासून उतरलाय, सांधे तसेच.

काल खासगी लॅबमध्ये रक्त दिलं. डेंग्यूची एनएस१ (विषाणूचं प्रथिन शोधणारी चाचणी) निगेटिव्ह, प्लेटलेट १ लाख २० हजार. लॅबवाला म्हणाला, डेंग्यू नाही, निश्चिंत राहा. शेजारच्या काकांना २००६ च्या साथीत चिकुनगुनिया झाला होता, ते म्हणतात हा तोच. त्यांनी डायक्लोफेनॅकच्या दुखण्यावरच्या गोळ्या आणून दिल्यात. आई कण्हते तेव्हा द्यावीशी वाटते, पण हात धजत नाही. देऊ का?

आणि वहिनीला पाचवा महिना आहे. तिलाही सकाळपासून कणकण आहे. पोटातल्या बाळाला बाधणाऱ्या झिकाचं ऐकल्यापासून मला झोप नाही.

खाडीकाठ:
डायक्लोफेनॅक देऊ नका. डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत फक्त पॅरासिटामॉल, तेही डॉक्टर सांगतील त्या मात्रेत. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

मी प्राथमिक आरोग्य केंद्रात सात वर्षं काढली आहेत. एनएस१ सुरुवातीच्या चार-पाच दिवसांत चांगली सापडते, पुढे कमी होत जाते. त्यामुळे पाचव्या दिवशीच्या निगेटिव्हवर विसंबू नका. आता डेंग्यू आणि चिकुनगुनिया दोन्हींची आयजीएम एलायझा (रक्तातली प्रतिपिंडं शोधणारी चाचणी) करा. सरकारी रुग्णालयात कुठे होते ते आरोग्य केंद्रात विचारा.

सुजलेली बोटं, धरलेली मनगटं हे चिकुनगुनियाचं लक्षण. डेंग्यूत डोळ्यांमागे ठणका, अंग मोडून येतं, पण सांधा सहसा सुजत नाही. प्लेटलेट मात्र चिकुनगुनियातही थोड्या उतरतात, तेवढ्यावरून ठरवता येत नाही. शिवाय डास एकच, एडिस, म्हणून दोन आजार एकदमही होतात. महाराष्ट्रात झिकाचा पहिला रुग्ण जुलै २०२१ मध्ये पुरंदरच्या बेलसरला सापडला, त्या बाईंना चिकुनगुनियाही होता.

ताप उतरला म्हणून बेसावध राहू नका. डेंग्यूत खरा धोका तिथूनच पुढचे एक-दोन दिवस. पोटात कळा, थांबत नाहीत अशा उलट्या, हिरड्यांतून रक्त, काळी शी, लघवी कमी, माणूस गळून जाणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र असो, चिपळूण गाठा. रोज सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा आणि प्लेटलेटबरोबर हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, चढतोय का तेही बघा.

वहिनींना आजच डॉक्टरांकडे न्या आणि गरोदर आहेत हे पहिल्या वाक्यात सांगा. झिकाचा ताप हलका असतो, डोळे लाल होतात, पुरळ खाजतं, बऱ्याच जणांना तर काहीच जाणवत नाही. लक्षणांवरून तो ओळखत बसू नये, रक्त आणि लघवीची आरटी-पीसीआर लागते. हा डास दिवसा चावतो, तेव्हा दुपारच्या झोपेलाही मच्छरदाणी.

लाटवण:
आई भाताच्या खाचरात उतरल्या होत्या का? पोटऱ्या दुखत असतील तर लेप्टोचंही (लेप्टोस्पायरोसिस, साचलेल्या दूषित पाण्यातून होणारा ताप) विचारा. त्याला अँटिबायोटिक लागतं, उशीर करू नका.

धागाकर्ती:
गोळ्या काकांना परत दिल्या. आई खाचरात गेली नव्हती. दोघींना घेऊन निघतोय. दादाने आत्ता बागेत पोफळीच्या गळलेल्या विऱ्या (झावळीच्या बुडाची रुंद, खोलगट आवरणं) उलटल्या, प्रत्येकीत पाणी आणि वळवळणाऱ्या अळ्या. मागच्या पडवीतलं पिंपही तसंच. ते ओतून आतून घासायचं ना, की नुसतं रिकामं केलं तरी चालेल?

खाडीकाठ:
घासाच. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी कित्येक महिने टिकतात. दर आठवड्याला एकदा. आईंचा रिपोर्ट आला की इथे लिहा.